घरबसल्या इंग्रजीची परीक्षा: आधी पासपोर्ट, मग खोली, मग इंग्रजी

परदेशी विद्यापीठात अर्ज करताना लागणारी इंग्रजीची परीक्षा घरच्या टेबलावर बसून देता येते, हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची होम एडिशन, म्हणजे घरून द्यायची आवृत्ती, आली आणि नंतरही टिकली. डुओलिंगो इंग्लिश टेस्ट तर पहिल्यापासून ऑनलाइनच होती. या दोन परीक्षांबद्दलच इथे लिहिलं आहे, कारण महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी घरून द्यायच्या परीक्षा म्हणून मुख्यतः हीच दोन नावं असतात.

केंद्रावर परीक्षा दिली की संगणक, वीज, शांतता, इंटरनेट ही सगळी केंद्राची डोकेदुखी. घरून दिली की ती तुमची. इंग्रजी उत्तम असूनही दार उघडं राहिलं, पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही किंवा नजर सारखी खाली गेली म्हणून निकाल अडकू शकतो. त्यामुळे क्लासवाले ज्या क्रमाने शिकवतात त्याच्या उलट्या क्रमाने इथे जाऊ. इंग्रजी शेवटी.

पैसे भरण्याआधी: ही परीक्षा तुमच्या देशाला चालते का?

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की हजारो रुपये पाण्यात जातात. पहिला, विद्यापीठाला ही परीक्षा चालते का? दुसरा, त्या देशाच्या व्हिसा खात्याला चालते का? काही देशांत पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असतं.

अमेरिका यात सर्वांत सोपी. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी सरकारने ठरवून दिलेली अशी कुठलीही इंग्रजी परीक्षा नाही, निर्णय विद्यापीठाचा. तरीही एक मेख आहे. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला डुओलिंगो चालते, पण त्याच विद्यापीठातल्या एखाद्या विभागाला चालत नाही, असं होतं. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याचं पगारी काम, हवी असेल तर काही ठिकाणी टोफेलच्या स्पीकिंगचे ठरावीक गुण वेगळे मागतात. म्हणून विद्यापीठाच्या मुख्य पानावर थांबू नका, तुमच्या विभागाचं प्रवेशाचं पान उघडून बघा. तिथे नुसतं ‘टोफेल’ लिहिलं असेल तर होम एडिशन चालते का, असं ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

ब्रिटनचं गणित निराळं. तिथल्या व्हिसा खात्याला ‘सुरक्षित’ म्हणून मान्य असलेली परीक्षा ठरवून दिलेल्या केंद्रावरच द्यावी लागते. घरून दिलेली त्यात बसत नाही. मात्र पदवी किंवा त्यावरच्या पातळीच्या अभ्यासक्रमासाठी पात्र विद्यापीठाला विद्यार्थ्याचं इंग्रजी स्वतः तपासण्याची मुभा असते आणि त्या तपासणीत काही विद्यापीठं घरून दिलेली परीक्षा धरतात. पदवीच्या खालच्या पातळीच्या कोर्सला, उदाहरणार्थ पदवीआधीच्या तयारीच्या फाउंडेशनला, ही पळवाट नाही.

ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी घरून दिलेली कोणतीही परीक्षा चालत नाही. टोफेलचीही होम एडिशन तिथे धरली जात नाही. तिथल्या एखाद्या विद्यापीठाने डुओलिंगोवर प्रवेश दिला तरी व्हिसासाठी दुसरी परीक्षा लागण्याची शक्यता आहेच. मग दोनदा फी भरण्यापेक्षा सुरुवातीलाच केंद्र गाठलेलं बरं.

कॅनडाबद्दल जुनी माहिती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. झटपट व्हिसाची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली, त्यामुळे तिच्या परीक्षांच्या अटी आता गैरलागू आहेत. प्रवेशाला कोणती परीक्षा चालेल हे कॉलेज सांगेल. पण शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटसाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजी किंवा फ्रेंचचा वेगळा पुरावा लागतो. विद्यापीठाच्या पदवीधरांना कॅनडाच्या भाषा-मापनातली सातवी पातळी, तर कॉलेजच्या बऱ्याच कोर्सेसना पाचवी. तिथे डुओलिंगो आणि टोफेल दोन्ही बाद; इंग्रजीसाठी आयईएलटीएस जनरल, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोर यांपैकी एक वेगळी परीक्षा लागते. आज प्रवेशासाठी दिलेली परीक्षा तेव्हा कामाला येणार नाही, हे खर्चाच्या हिशोबात आत्ताच धरा.

आणि हो, परीक्षा मुळात लागतेच का, तेही विचारून घ्या. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असल्याचं पत्र, ज्याला सगळे एमओआय म्हणतात, काही विद्यापीठांना पुरतं. ते कॉलेजच्या कार्यालयातून किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्यावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि इंजिनिअरिंग इंग्रजीत, अशांनाही पदवीचं पत्र मिळू शकतं. विद्यापीठ ते धरेल की नाही हा त्याचा प्रश्न.

दोन्हींतला फरक, खिशापासून

डुओलिंगोची फी ७० डॉलरच्या आसपास, म्हणजे टोफेलच्या निम्म्याहूनही कमी. परीक्षा साधारण तासाभराची, गुण १० ते १६० आणि पाच-पाचच्या टप्प्याने. निकाल बहुधा दोन दिवसांत. गुण कितीही विद्यापीठांना फुकट पाठवता येतात. वेळ आधी आरक्षित करावी लागत नाही. पहाटे चारला सुरू केली तरी चालते, कारण समोर जिवंत निरीक्षक नसतो. सगळं चित्रित होतं आणि नंतर यंत्र व माणसं मिळून ते तपासतात.

टोफेलला स्लॉट घ्यावा लागतो आणि निरीक्षक, म्हणजे प्रॉक्टर, थेट कॅमेऱ्यातून तुम्हाला बघत असतो. २१ जानेवारी २०२६ पासून परीक्षेचा साचा बदलला. रीडिंग आणि लिसनिंग तुमच्या उत्तरांप्रमाणे सोपं-अवघड होत जातं आणि गुण १ ते ६ या पट्टीवर, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने येतात. विद्यापीठांचा गोंधळ होऊ नये म्हणून पहिली दोन वर्षं निकालपत्रावर जुन्या १२० च्या पट्टीतले तुल्य गुणही असतात. बाजारात मिळणारी जुनी पुस्तकं आणि क्लासच्या जुन्या झेरॉक्स या बदलाआधीच्या आहेत. त्यातले स्पीकिंगचे चार प्रश्न आणि लांबलचक एकत्रित निबंध आता नाहीत. पुस्तक विकत घेण्याआधी एवढं एकच तपासा: त्यात ई-मेल लिहिण्याचा प्रश्न आहे का? नसेल तर ते जुनं.

दोन्ही निकाल दोन वर्षं चालतात.

नाव: मराठी माणसाची खास अडचण

आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा तिपदरी मामला. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. परीक्षेचं खातं उघडताना कुणी मार्कशीट बघून भरतं, कुणी आधार बघून, कुणी सवयीने. परीक्षेच्या दिवशी मात्र पासपोर्ट समोर धरला जातो.

त्यामुळे नियम एकच: पासपोर्ट हातात धरून अक्षरन् अक्षर उतरवा. समजा पासपोर्टवर गिव्हन नेम ‘राहुल सुरेश’ आणि आडनाव ‘पाटील’ असेल, तर फर्स्ट नेममध्ये ‘राहुल सुरेश’ आणि लास्ट नेममध्ये ‘पाटील’. मधल्या नावाचा वेगळा रकाना दिसला म्हणून सुरेशला तिकडे हलवू नका. शंका असेल तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी छापलेल्या दोन ओळींतली पहिली बघा. देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन बाणांसारखी चिन्हं, मग बाकीचं नाव. यंत्र तुमचं नाव असंच वाचतं.

लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर परीक्षा माहेरच्याच नावाने द्या आणि विद्यापीठाचा अर्जही त्याच नावाने भरा. पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज टाकला असेल तर नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत परीक्षेची तारीख घेऊ नका. जुना रद्द झालेला दाखवून भागत नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असेल, तर खातं उघडण्याआधी परीक्षा कंपनीच्या मदत कक्षाला लेखी विचारा आणि ते सांगतील तसंच भरा.

ओळखपत्र अस्सल, कागदी आणि मुदतीतलं हवं. फोनवरची प्रत, डिजिलॉकर, झेरॉक्स यातलं काही कामाचं नाही. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरताना ट्यूबलाइटची तिरीप प्लास्टिकवर पडते आणि फोटोच्या जागी पांढरा डाग दिसतो. आदल्या दिवशी लॅपटॉपचा कॅमेरा चालू करून पासपोर्ट कोणत्या कोनात नीट वाचता येतो ते बघून ठेवा.

खोली

बंद करता येईल असं दार, टेबल, पाठ टेकायची साधी खुर्ची. पलंगावर, गादीवर किंवा सोफ्यावर रेलून परीक्षा देता येत नाही. अभ्यासिका, सायबर कॅफे, हॉस्टेलचा कॉमन हॉल अशा जागा बाद, कारण परीक्षेभर खोलीत तुमच्याशिवाय कुणीही नको. घर एका खोलीचं असेल तर शेजाऱ्यांची, नातेवाइकांची खोली तीन तासांसाठी मागा. दोन तासांत परीक्षा आटोपते, एक तास आधीच्या तयारीला.

टेबलावर फक्त संगणक, कीबोर्ड, माऊस आणि पासपोर्ट. पाण्याची बाटलीसुद्धा खाली नको, खोलीबाहेर ठेवा. भिंतीवर शब्दार्थांचे तक्ते चिकटवले असतील तर काढा. दुसरा मॉनिटर नुसता बंद करून भागत नाही, त्याची केबलच उपसा. टीव्ही बंद.

टोफेलमध्ये टिपणं काढायला परवानगी आहे, पण साध्या कागदावर नाही. छोटा व्हाइटबोर्ड आणि पुसता येणारा मार्कर चालतो. तो नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये एक कोरा कागद घालायचा आणि कव्हरवर त्याच मार्करने लिहायचं. स्टेशनरीच्या दुकानात हे सगळं किरकोळ पैशांत मिळतं. शेवटी प्रॉक्टरसमोर ते पुसून दाखवावं लागतं, म्हणून सुकं फडकं जवळ ठेवा. मार्कर ‘परमनंट’ निघाला तर फजिती, तेव्हा आधी एक रेघ ओढून पुसून बघा. डुओलिंगोमध्ये मात्र टिपणं मुळीच नाहीत. पेन हातात दिसलं तरी निकाल धोक्यात.

हेडफोन, इअरबड दोन्हीकडे वर्ज्य. आवाज लॅपटॉपच्या किंवा बाहेरच्या स्पीकरमधून ऐकायचा. कान उघडे दिसले पाहिजेत. केस मागे बांधा, ओढणी खांद्यावर घ्या, मोठी कानातली काढून ठेवा. स्मार्ट घड्याळ खोलीबाहेर.

आता आवाजाचं. कुकरच्या शिट्टीने परीक्षा रद्द होत नाही, पण दुसऱ्या माणसाचं बोलणं माइकने पकडलं तर प्रश्न उभा राहतो, कारण ते कुणीतरी उत्तर सांगत असल्यासारखं वाटतं. म्हणून शेजारच्या खोलीतला टीव्ही हा मिक्सरपेक्षा वाईट. घरातल्यांना वेळ सांगून ठेवा, दारावर चिठ्ठी लावा, बेलचं बटण बंद करा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र आणि समोर मंगल कार्यालय असेल तर लग्नाचे मुहूर्त टाळा. डुओलिंगोसाठी पहाटेची वेळ सर्वांत निवांत. पंखा माइकवर थेट वारा घालत असेल तर स्पीकिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर भरते. फोनवर नको, त्याच लॅपटॉपवर एक मिनिट बोलून ऐकून बघा.

वीज आणि नेट

डुओलिंगोची मागणी माफक आहे: डाउनलोड २ एमबीपीएस, अपलोड १ एमबीपीएस. वेग बहुतेकांकडे असतो. घात करतं ते मध्येच तुटणं. शक्य असेल तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल ओढा. नव्या पातळ लॅपटॉपना ती जोडायला छोटा अ‍ॅडॅप्टर लागतो.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. इन्व्हर्टरची लाइन घरातल्या ठरावीक पॉइंटलाच असते. राउटर ज्या प्लगला आहे तो त्या लाइनवर आहे का, हे मेन स्विच पाडून बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरचा छोटा डबा आणि राउटर दोन्हींना वीज लागते. एक चालू आणि एक बंद असेल तर उपयोग शून्य. आणि तुमचं घर इन्व्हर्टरवर असलं तरी केबलवाल्याचं गल्लीतलं यंत्र वीज गेल्यावर बंद पडत असेल, तर नेट जाणारच. मागच्या वेळी परिसरातली वीज गेली तेव्हा वायफाय चालू होतं का, हे घरात विचारा. महावितरणची देखभाल-दुरुस्ती तुमच्या भागात ज्या वारी असते तो वार सोडा.

पर्याय म्हणून मोबाइल हॉटस्पॉट तयार ठेवता येतो. पण डुओलिंगोमध्ये तुमचा फोन दुसरा कॅमेरा म्हणून गुंतलेला असतो, तेव्हा हॉटस्पॉटला वेगळा फोन लागेल. शिवाय परीक्षा चालू असताना जोडणी बदलली की संपर्क क्षणभर तुटतोच. वायफाय रोज दोन-चारदा तुटत असेल तर सुरुवातच हॉटस्पॉटवर करा, मध्येच उडी मारू नका.

संगणक

ऑफिसचा लॅपटॉप नको. त्यावर कंपनीने लादलेले निर्बंध असतात आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवायला लागणारी परवानगी तुमच्याकडे नसते. टॅबलेटवर टोफेल देता येत नाही.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दुरून संगणक चालवणारी सॉफ्टवेअरं बंद करून भागवू नका, काढूनच टाका. झूम, टीम्स, डिस्कॉर्ड, स्क्रीन रेकॉर्डर पूर्णपणे बंद करा. घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात लपून चालू असलेलेही शोधा. ब्राउझरमधलं व्याकरण सुधारणारं एक्स्टेन्शन काढा. विंडोजचं अपडेट आठवडाभर पुढे ढकला.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक सूचना, जी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. संगणकात इंग्रजी आणि मराठी असे दोन कीबोर्ड बसवलेले असतील तर घाईत ऑल्ट-शिफ्ट किंवा विंडोज-स्पेस दाबलं जातं आणि निबंधाच्या मध्यात देवनागरी उमटू लागते. परीक्षेच्या ब्राउझरमध्ये ते परत फिरवताना गोंधळ उडतो. आदल्या दिवशी मराठी कीबोर्ड सेटिंगमधून काढून टाका, नंतर पुन्हा घालता येतो. इंग्रजी कीबोर्ड ‘यूएस इंटरनॅशनल’ प्रकारचा असेल तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी एका दाबात उमटत नाही. साधा इंग्रजी कीबोर्ड निवडा.

परीक्षेच्या दिवशी, टोफेल

१. तासभर आधी संगणक पुन्हा सुरू करा, चार्जर लावा, परीक्षेचा सुरक्षित ब्राउझर उघडून बघा. उपकरण तपासणी आठवडाभर आधी एकदा झालेली असावीच, त्याच खोलीत आणि त्याच नेटवर.

२. शौचालयाला जाऊन या. परीक्षेत ठरलेली सुट्टी नाही.

३. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी लॉगिन करा. स्लॉट घेताना दाखवलेली वेळ भारतीय होती का, हे नक्की झालेलं असू द्या. रात्री बाराच्या आसपासचा स्लॉट असेल तर तारीख दोनदा वाचा.

४. पासपोर्ट दाखवल्यावर खोली दाखवायची असते: चारही भिंती, टेबलाचा वरचा भाग, टेबलाखाली. लॅपटॉप उचलून सावकाश फिरवा. त्यानंतर प्रॉक्टर स्क्रीनच्या कडा दाखवायला सांगतो. त्यासाठी फोनचा कॅमेरा किंवा हातात धरायचा आरसा वापरतात. आरसा असेल तर सोपं. फोन वापरलात तर नंतर तो हाताला येणार नाही एवढा लांब ठेवायचा.

५. प्रॉक्टरचं इंग्रजी कळलं नाही तर चॅटच्या चौकटीत लिहून विचारा. गप्प बसून मान डोलावणं महागात पडतं.

संपर्क तुटला तर उठून जाऊ नका, फोन हातात घेऊ नका. जागेवर बसून पुन्हा जोडणीची वाट बघा आणि स्क्रीनवर येणाऱ्या सूचना पाळा.

परीक्षेच्या दिवशी, डुओलिंगो

त्यांचं डेस्कटॉप अ‍ॅप आधीच उतरवून ठेवा. सुरुवातीला ओळखपत्राचा आणि तुमचा फोटो घेतला जातो. मग स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून फोन दुसरा कॅमेरा म्हणून जोडायचा आणि तो बाजूला असा ठेवायचा की तुम्ही, कीबोर्ड आणि स्क्रीन एका चौकटीत येतील. फोन उभा करायला स्टँड नसेल तर पुस्तकांची थप्पी आणि रबरबँड पुरतो, पण पडणार नाही हे पाच मिनिटं ठेवून तपासा. फोन पूर्ण चार्ज हवा आणि त्यावर येणारे कॉल बंद हवेत. ऐन परीक्षेत मावशीचा व्हिडिओ कॉल आला तर कॅमेरा तुटतो.

परीक्षा मध्ये थांबवता येत नाही. निकाल अडकण्याची नेहमीची कारणं तीन: नजर वारंवार स्क्रीनबाहेर जाणं, खोलीत कुणी येणं, आणि गरज नसताना बोलणं. शेवटचं आपल्याकडे फार होतं. वाचताना ओठ हलवायची किंवा पुटपुटायची सवय असेल तर सरावातच मोडा. विचार करताना छताकडे बघायचीही. टाइप करताना कीबोर्डकडे बघावं लागतं त्यांना बाजूचा कॅमेरा थोडा तारून नेतो, तरी न बघता टाइप करायला शिकलेलं बरं.

आता इंग्रजी

टायपिंगपासून सुरुवात करा. फोनवर अंगठ्यांनी लिहिणाऱ्यांचा कीबोर्डवरचा वेग कमी असतो. मिनिटाला तीस शब्द झाल्याशिवाय निबंधाची रणनीती वगैरेंना अर्थ नाही. डुओलिंगोचा लेखनाचा मोठा प्रश्न पाच मिनिटांचा असतो. त्यात शंभर-सव्वाशे नीट शब्द आणि शेवटी अर्धं मिनिट तपासायला, एवढं जमायला हवं. टोफेलमध्ये ई-मेलला सात मिनिटं आणि चर्चेतल्या मताला दहा.

दोन्ही परीक्षांत अर्धे खाल्लेले शब्द पूर्ण करायचा प्रश्न आहे. परिच्छेदात काही शब्दांची पहिली काही अक्षरं दिसतात, पुढची तुम्ही भरायची. इथे शब्दसंग्रहापेक्षा व्याकरणाची शेपटं मारतात: अनेकवचनाचा ‘एस’, भूतकाळाचं ‘ईडी’. आधी पूर्ण परिच्छेद वाचा, काळ ठरवा, मग भरा.

डुओलिंगोच्या ‘ऐका आणि लिहा’ प्रश्नात वाक्य तीनदा ऐकता येतं. पहिल्यांदा पूर्ण ऐका, दुसऱ्यांदा लिहा, तिसऱ्यांदा फक्त शब्दांची टोकं आणि ‘अ’, ‘द’ तपासा. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे आपल्या कानाला ती ऐकूच येत नाहीत. रोज दहा वाक्यं अशी लिहून मूळ मजकुराशी ताडली तर आपण नेमकं काय गाळतो ते आठवड्यात समोर येतं. खरा-खोटा शब्द ओळखण्याच्या प्रश्नात एका शब्दाला पाचच सेकंद मिळतात, तिथे रेंगाळू नका.

बोलण्यात घाई हा मोठा शत्रू. टोफेलच्या मुलाखतीत चार प्रश्न असतात, प्रत्येकी ४५ सेकंद आणि तयारीला वेळ नाही. प्रश्न संपला की पहिल्या वाक्यात सरळ मत, मग एक कारण, मग त्या कारणाचं एक ठोस उदाहरण. एवढ्यात ४५ सेकंद भरतात. त्याआधी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचा प्रश्न असतो आणि वाक्यं लांबत जातात. शब्दाशब्दाने पाठ करू नका, अर्थाचे तुकडे पाडून धरा.

उच्चार ब्रिटिश किंवा अमेरिकन करायची गरज नाही. पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही एकाच ‘व’ने, ‘झेड’ ‘ज’ने आणि प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर दिला तर ऐकणाऱ्याला, आणि गुण देणाऱ्या यंत्रालाही, शब्द पकडणं जड जातं. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, आरशासमोर दहा जोड्या रोज म्हणा. मराठीतून थेट उतरणाऱ्या चुका तर ओळखीच्याच आहेत: ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘सिन्स टू इयर्स’, आणि ‘आत्ताच’चं ‘नाऊ ओन्ली’. स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून कागदावर उतरवा आणि यातल्या किती सापडतात ते मोजा.

पाठ केलेली उत्तरं नकोत. ‘इन धिस फास्ट पेस्ड वर्ल्ड’ने सुरू होणारा क्लासचा साचा तपासणाऱ्यांनी हजारदा वाचलेला असतो. त्याने गुण घटतात आणि दोघांची उत्तरं जुळली तर नक्कल म्हणून चौकशीही होऊ शकते.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. डुओलिंगोची मोफत सराव परीक्षा अंदाजे गुणांचा पल्ला सांगते. टोफेलच्या संकेतस्थळावरही नव्या साच्याचा मोफत सराव आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची डुओलिंगोची अट १०५ ते १२५ च्या दरम्यान असते. सरावात अटीच्या वर दहा गुण सातत्याने येत असतील तेव्हाच खरी परीक्षा द्या.

निकाल, आणि तो अडकला तर

टोफेलचे गुण परीक्षेआधी निवडलेल्या चार संस्थांना फुकट जातात. नंतर प्रत्येक संस्थेमागे पैसे. म्हणून यादी आधी पक्की करा. डुओलिंगोत विद्यापीठाला गुणांबरोबर तुमच्या बोलण्याचं चित्रण आणि लेखनाचा नमुनाही जातो. त्या दोन प्रश्नांकडे ‘नमुनाच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नका, प्रवेश समिती ते बघू शकते.

डुओलिंगोने निकाल प्रमाणित केला नाही तर कारण ईमेलने येतं. कारण तांत्रिक असेल, जसं आवाज नीट आला नाही किंवा ओळखपत्र अंधुक दिसलं, तर दुरुस्ती करून पुन्हा देता येते. नियमभंगाचा ठपका चुकीचा वाटत असेल तर दिलेल्या मुदतीत अपील करा, मुद्देसूद आणि थोडक्यात: किती वाजता काय झालं, खोलीत कोण होतं, कशाकडे बघत होता. भावनिक पत्राचा उपयोग नाही, ते चित्रण पुन्हा बघतात.

‘गुणांची हमी’ देणारे, ‘आमचा माणूस दुरून संगणक चालवेल’ म्हणणारे एजंट शहरोशहरी आहेत. त्यात पकडलं गेलं की फीबरोबर पुढच्या परीक्षाही बंद होऊ शकतात, आणि ज्यांच्याकडे निकाल पाठवला त्या विद्यापीठालाही तो रद्द झाल्याचं कळतं.

टोफेल पुन्हा द्यायची तर मध्ये किमान तीन दिवस जावे लागतात. अर्जाची शेवटची तारीख १५ डिसेंबर असेल तर पहिली परीक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरा. मग एकदा वीज गेली आणि एकदा गुण कमी पडले तरी तिसऱ्या प्रयत्नाला जागा उरते.